दुसऱ्याची ओळ

मी आठवीत तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात गेले नाही, आणि मग कधीच नाही.

याचं कारण लोक आपापल्या मनानं धरतात. कुणाला वाटतं घरची गरिबी, कुणाला वाटतं लवकर लग्न. मी ऐकून घेते. खरं कारण सांगायची लाज वाटते, कारण त्यात कुणीच वाईट वागलेलं नाही. बीडकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, आठवीला शेजारच्या मोठ्या गावात जावं लागायचं. तिथं इंग्रजीच्या तासाला एकेकानं उभं राहून धडा मोठ्यानं वाचायचा. माझी पाळी आली की गळा कुणी आतून शिवल्यासारखा व्हायचा. एकदा उभी राहिले ती तास संपेपर्यंत उभीच. सर रागावले नाहीत. ते पुढच्या मुलीकडं वळले, आणि मला 'बस' म्हणायचं विसरले. त्यानंतर रोज सकाळी माझं पोट दुखायला लागलं. वडील म्हणाले, राहू दे मग. इतकंच. मला शाळेतून कुणी काढलं नाही. मी भ्याले.

लग्न झालं ते डिप्लोमा केलेल्या माणसाशी. हे मशीन दुरुस्तीचं काम करतात. आधी पुण्याकडं होतो, मग कंपनीनं यांना उज्जैनला पाठवलं. माधव नगरात एका मराठी काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घराण्यातला कुणी पूर्वज सरदारांच्या दप्तरात लिहायच्या कामावर इकडं आला, त्याला आता कितीतरी पिढ्या झाल्या. घरात देव मराठी, आरत्या मराठी, पण बोलणं अर्धं हिंदी. "तू चिंता नको करू," "मी येऊन राहिले," असं त्या बोलायच्या, आणि माझं बोलणं ऐकलं की हातातलं काम थांबवायच्या.

"काय बोलते ही बेटा," त्या शेजारणीला सांगायच्या. "एकदम असली मराठी."

पुण्यात यांच्या साहेबांच्या बायका माझ्या ह्याच बोलण्याला तोंड फिरवून हसायच्या. मी तिथं बोलणंच कमी केलं होतं. इथं आल्यावर मला कुणीतरी परत बोलायला लावलं. काकूंचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, पण पहिला हाच.

आणि त्यातूनच सगळं घडलं.

इथल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. मुलांना मराठी यावं म्हणून ते रविवारी सकाळी वर्ग चालवतं. एका लहानशा देवळामागं त्यांचा हॉल आहे, तिथं. मंडळाचे सचिव फ्रीगंजमध्ये चष्म्याचं दुकान चालवतात. एका संध्याकाळी ते काकूंकडं चहाला आले होते आणि वर्गाच्या दुसऱ्या बाईही सोडून गेल्या म्हणून वैतागले होते. मी चहाचे कप घेऊन आत गेले. काकू म्हणाल्या, "अहो, इतकं काय शोधून राहिले? ही आहे ना. महाराष्ट्रातली आहे, शिकलेली आहे. मराठीतच पदवी असेल हिची, बोलणं तर ऐका."

सचिवकाकांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मी कप खाली ठेवायचं विसरले. मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. पहिल्या क्षणी नाही म्हटलं नाही की दुसऱ्या क्षणी ते दुप्पट जड होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी सांगितलं तर हे आधी हसले. मग म्हणाले, "दोन महिन्यांत दुसरी कुणी मिळेल त्यांना. तोवर चालव."

पहिल्या रविवारी सात मुलं होती, दहा ते पंधरा वर्षांची. सगळ्यांत मोठी काकूंची नात, दहावीला. घोळदार टीशर्ट, गळ्यात हेडफोन. घरी ती मला मावशी म्हणायची आणि जिन्यात भेटली की ओळख नसल्यासारखी निघून जायची. मी फळ्याकडं वळले, खडू उचलला आणि तो बोटांतून सुटून पडला. मला लिहिता येतं. घरी, एकटीला, नीट येतं. पण पाठीवर चौदा डोळे असताना हात माझा राहत नाही. मी वाकून खडू उचलत होते तेव्हा मागं बाकावर बोटं वाजायला लागली. टक्-टकटक्, टक्-टकटक्. आणि ती पोरगी म्हणाली:

नई मैडम आई, साथ में खडू लाई,
पहली वाली भी लाई थी, टिक नहीं पाई.

मुलं बाकावर आडवी झाली हसून. जिवाच्या आकांतानं माणूस जे करतं ते विचार करून करत नाही. आमच्याकडं नव्या नवरीला दारात अडवतात, उखाणा घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि नणंदा टोमणे मारतात त्याला तिथल्या तिथं यमक जुळवून उत्तर द्यावं लागतं. वाचायला उभं राहिलं की माझा गळा बंद व्हायचा, पण उखाण्याला तो कधी बंद झाला नव्हता. पाठमोरी असतानाच मी म्हटलं:

दारात अडवलीस पोरी, पुढं तांदळाचं माप,
टिकते का पळते, ते कळंल आपोआप.

हसणं थांबलं. मग मागून एका दहा वर्षांच्या मुलानं हळूच म्हटलं, "ओ भाई."

त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं गेलं नाही. पोरीनं मला समजावलं की हे रॅप असतं. गोल करून उभं राहायचं, एकानं ठेका धरायचा, बाकीच्यांनी एकेक करून आपापलं म्हणायचं. त्या गोलाला सायफर म्हणतात. मी तिला उखाणा समजावला. तिनं विचारलं, नवऱ्याचंच नाव का घेतात? स्वतःचं का नाही? मी म्हटलं, स्वतःचं कोण घेतं. ती म्हणाली, "रॅपमध्ये स्वतःचंच घेतात, मावशी. सुरुवातच तिथून."

माझं माहेरचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात बोटानं बदललं गेलं होतं. स्वतःचं म्हणजे नेमकं कुठलं, हे मी मुलांना काय सांगणार?

तर वर्ग असा चालू झाला. मी भीतीपोटी फळा टाळत होते आणि मुलांना वाटत होतं की मॅडमची ही पद्धतच आहे. प्रत्येकानं स्वतःच्या नावाचा उखाणा रचायचा, ठेक्यावर. एक अट, मराठीत. शब्द अडला की घरी आजी-आजोबांना विचारून यायचं. पुढच्या रविवारी तो दहा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि शर्टाचं टोक पिळत म्हणाला:

पप्पांचं दुकान टॉवरपाशी, गर्दी तिथं फार,
माझं नाव विचारायला टाइम नाही यार.

कुणी हसलं नाही. काकूंच्या नातीनं ठेका चालूच ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा काहीतरी मऊ पाहिलं.

मग धडेसुद्धा ठेक्यावर वाचायला लागलो. मंडळानं दिलेलं पुस्तक होतं, मुलांना त्याचा कंटाळा. एकानं ठेका धरायचा आणि बाकीच्यांनी एकेक ओळ वाचायची. त्यात मलाही वाचावं लागायचं. पहिल्यांदा मी दुसऱ्याच शब्दाला अडले. पण ठेका कुणासाठी थांबत नाही. अडखळलात तरी तो तुम्हाला पुढच्या शब्दावर ढकलतो, आणि तुम्ही अडखळलात हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत ओळ संपलेली असते. आठवीतल्या त्या तासाला कुणी बाक वाजवला असता तर, असं मला वाटून गेलं. मी पोळ्या लाटताना पोळपाटावर बोटं वाजवत पेपर वाचायला लागले. हे म्हणाले, तुला काय झालंय? मी म्हटलं, अभ्यास.

नियम मुलांनी केले, म्हणजे काकूंच्या नातीनं केले आणि बाकीच्यांनी हात वर केले. गोलात कुणाच्या घरच्यांवर बोलायचं नाही. कुणी अडला तर हसायचं नाही, ठेका धरून ठेवायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम: दुसऱ्याची ओळ आपली म्हणून म्हणायची नाही. जो म्हणेल तो तीन रविवार गोलात आपलं म्हणणार नाही, फक्त दुसऱ्यांसाठी बाक वाजवेल. मी म्हटलं, शाळेत तर दुसऱ्याचंच पाठ करून लिहावं लागतं. ती म्हणाली, "म्हणून तर शाळेत कोणाला काही येत नाही."

दोन महिन्यांचे आठ झाले. दुसरी कुणी मिळाली नाही, कारण कुणी शोधतच नव्हतं. आईबाप खूश होते. मुलं घरी मराठी शब्द विचारत होती, एका घरात तर आजोबांना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणी काही विचारलं म्हणे. रस्त्यात लोक मला 'मॅडम, नमस्ते' म्हणायचे. मी जितकी सुखावत होते तितकीच रोज थोडी जास्त घाबरत होते.

मग सचिवकाकांच्या मनात आलं की मंडळात मराठीच्या परीक्षेचं केंद्र आणायचं. महाराष्ट्रातली एक संस्था अशा परीक्षा घेते. काका तीन वर्षं त्याच्या मागं होते आणि दर वेळी शिक्षिकेच्या अटीवर अडायचं. आता अडणार नव्हतं. त्यांनी मला सुरेख अक्षरात भरलेला अर्ज दाखवला. शिक्षिकेच्या नावापुढं 'पदवीधर' लिहिलेलं होतं. "फक्त मार्कशीटची झेरॉक्स द्या," ते म्हणाले. "घाई नाही. या महिन्यात दिली तरी चालेल."

मी म्हटलं, कागद गावाकडं राहिलेत.

हे तोंडातून किती सहज निघालं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रात्री झोप येईना. खाली काकूंच्या घरात पावलं वाजली तरी वाटायचं, कळलं त्यांना. माझ्यापुढं चित्र स्पष्ट होतं: काका अर्ज फाडतायत, आईबाप आपापली पोरं ओढून नेतायत, आणि काकू जिन्याखाली उभं राहून शांतपणे म्हणतायत की खोली रिकामी करा. वर्ग जाईल आणि घरही जाईल. आणि मी पुन्हा अशी बाई होईन जिच्याशी कुणी बोलत नाही.

उपाय यांनी काढला. मला बरं वाटावं म्हणूनच, वाईट मनानं नाही. माझी चुलत बहीण बी.ए. आहे. आडनाव माहेरचं तेच. "लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे," हे म्हणाले. "तिच्या मार्कशीटवरचं नाव म्हणजे तुझं लग्नाआधीचं नाव. कोण तपासणार?"

मी बहिणीला फोन केला. वाटलं, ती शिव्या देईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घे बाई. माझ्या तरी कुठं कामाला आलं ते."

गावाकडचं कुणीतरी महाकालाच्या दर्शनाला येत होतं, त्याच्या हाती तिनं खरा कागदच पाठवला. मी देवास गेटच्या बसस्टँडवर जाऊन तो घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. घरी येईपर्यंत ई-रिक्षात मी पिशवी पदराखाली धरली होती, जणू कुणी हिसकून घेणार होतं. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. झेरॉक्स मात्र काढवेना. आज काढू, उद्या काढू.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ते झालं.

मंडळाच्या कार्यक्रमात मुलं आईबापांसमोर म्हणणार होती, त्याची तयारी चालू होती. काकूंच्या नातीचं शेवटी ठेवलं होतं, कारण तिचं सगळ्यांत चांगलं असणार हे ठरलेलंच होतं. ती गोलात आली आणि तिनं म्हटलं. एका गल्लीबद्दल होतं. नळाला पाणी न येणारी गल्ली, नाल्यावरचं घर, विजेच्या खांबाखाली अभ्यास. शब्द इतके नेमके की माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी मनात आलं, ही तर आमच्या खाली राहते. आमच्या नळाला पाणी येतं.

म्हणून झाल्यावर बारा वर्षांची एक मुलगी फोनवर काहीतरी शोधत होती. तिनं आवाज मोठा केला. कुठल्यातरी दुसऱ्या शहरातला एक मुलगा हिंदीत तेच म्हणत होता. ओळीला ओळ. आमच्या पोरीनं त्याचं फक्त मराठी केलं होतं.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी तिला चिडवलं नाही, ते चिडवण्यापेक्षा वाईट होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. नियम तिचाच, पण निकाल मॅडमनं द्यायचा.

"तीन रविवार," मी म्हटलं.

ती बाकावर जाऊन बसली आणि वाजवायला लागली. एकदाही मान वर केली नाही.

घरी परतताना ती माझ्या पुढं चालत होती. जिन्यापाशी थांबली. मला वाटलं, आता हिंदीत काहीतरी फेकून मारेल. तिनं कागदाचा एक बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली की हे माझं होतं, पण हे म्हणायची हिंमत नव्हती. त्यावर दोनच ओळी होत्या:

वा वा करतात सगळे, मला भरते धडकी,
वही कोरीच असते, मी लबाड लडकी.

मी ते दोनदा वाचलं. ती म्हणाली की घरात, वर्गात सगळे सारखं म्हणतात, तू तर टॅलेंटेड आहेस. मग ज्या दिवशी काही येत नाही त्या दिवशी काय करायचं माणसानं? मग अचानक तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही कधी केली का अशी चोरी?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि आत गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, यात मला शंका नाही.

मी वर आले, कपाट उघडलं, साड्यांखालून पिशवी काढली आणि पलंगावर ठेवून तिच्याकडं बघत बसले. आठवीत मी उभी राहिले होते आणि तोंडातून शब्द निघाला नव्हता, त्याची मला आयुष्यभर लाज वाटली. पण तेव्हा मी निदान खोटं बोलले नव्हते. पंधरा वर्षांच्या पोरीनं स्वतःला लबाड म्हणून कागद माझ्या हातात दिला, आणि मी मोठी होऊन तिच्या तोंडावर नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी घेऊन खाली गेले. हे कामावर होते. यांना विचारलं नाही, विचारलं असतं तर गेले नसते. काकू मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि मार्कशीट त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"चांगले मार्क आहेत," त्या म्हणाल्या.

"माझे नाहीत," मी म्हटलं. "बहिणीचे आहेत. मी आठवीत तीन महिने गेले फक्त."

मग मी सगळं सांगितलं. इंग्रजीचा तास, पोटदुखी, चहाचे कप, गावाकडं राहिलेले कागद. काकू सोलत राहिल्या. शेंगा संपल्या तरी त्या रिकाम्या सालांमध्ये बोटं फिरवत होत्या.

"मी पूर्ण कॉलनीत सांगून राहिले," शेवटी त्या म्हणाल्या, "की वरती राहते ती पदवीधर आहे."

"मी तुम्हाला तसं कधी..."

"तू नाही म्हणालीस. मीच म्हणाले. पण तू ऐकत राहिलीस ना."

मी विचारलं, खोली कधीपर्यंत सोडू? त्या पहिल्यांदाच रागावल्या. "खोलीचं काय मध्येच? खोली किरायाची आहे, पदवीची नाही." मग मार्कशीट त्यांनी स्वतःच्या हातांनी वर्तमानपत्रात गुंडाळली. "ही बहिणीला परत पाठव. तिची कमाई आहे. आणि सचिवांना तू सांग. मी नाही सांगणार. मला खराब वाटून राहिलं, समजलं? पण सांगायचं तुलाच आहे."

मी त्याच संध्याकाळी फ्रीगंजला गेले, कारण एक रात्र मध्ये पडली असती तर माझी हिंमत टिकली नसती. दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक चष्म्याच्या काड्या तपासत होतं. ते जाईपर्यंत मी काचेच्या फळीला धरून उभी होते. काका म्हणाले, "आणली का झेरॉक्स?" मी सांगितलं. काकूंना सांगताना निदान रडू आलं होतं, इथं आवाज नुसताच कोरडा निघाला.

काकांनी ड्रॉवरमधून तो अर्ज काढला. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी तो काउंटरवर सरळ केला, 'पदवीधर' शब्दावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"म्हणजे यंदाही केंद्र नाही," ते म्हणाले.

मी अनेक शिव्यांची तयारी करून गेले होते. ह्या एका वाक्याची नव्हती केली. ते पुढं म्हणाले की मंडळाच्या समितीपुढं ठेवावं लागेल, काय ठरेल ते मी सांगू शकत नाही. तोपर्यंत वर्ग बंद पाडू नका, पण मुलांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. घरी यांना सांगितलं. हे जेवले नाहीत. झोपताना म्हणाले, "बरं केलंस. माझंही पोट दुखत होतं."

रविवारी पाच मुलं आली. दोन घरांपर्यंत गोष्ट पोचली होती आणि त्यांनी पाठवलं नव्हतं. काकूंची नात आली होती, तोंड सुजवून. तिला आजीकडून कळलं होतं. मी फळ्यापुढं उभी राहिले आणि मुलांना सांगितलं की माझी शाळा आठवीत सुटली, आणि मी दुसऱ्याचा कागद माझा म्हणून देणार होते. कुणी ठेका धरला नव्हता. नुसतं बोलणं फार लांब वाटतं.

"आणि मी तुला खोटं सांगितलं," मी तिला म्हटलं. "जिन्यात."

तो दहा वर्षांचा मुलगा इकडंतिकडं बघून म्हणाला, "मग मॅडमला पण तीन रविवार?"

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते, खरोखर ठरवत होते. मॅडमनं कागद दिला नव्हता, फक्त आणला होता, यावर एक छोटासा वाद झाला. बारा वर्षांची म्हणाली, कमी करा, एकच. शेवटी काकूंची नात म्हणाली, "नियम म्हणजे नियम. तीन." आणि बाकावर थोडी सरकली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. वर्ग मुलांनी घेतला. वाईट घेतला, दोघांनी एकाच वेळी फळ्यावर लिहायला घेतलं, धडा अर्ध्यात सुटला. आम्ही दोघी वाजवत होतो. माझा ठेका सारखा चुकत होता आणि ती कोपरानं ढोसून मला परत जागेवर आणत होती. माझ्याशी बोलली मात्र नाही, ती पुढच्या रविवारी बोलली. मला शाळेत मिळालेल्या एकाही शिक्षेचा शेवट मला माहीत नव्हता. या शिक्षेचा माहीत होता.

दुसऱ्या रविवारी सचिवकाका मध्येच दारात येऊन उभे राहिले. शिक्षिका बाकावर आणि फळ्यापुढं बारा वर्षांची मुलगी, हे बघून त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मुलांनी समजावलं. ते मागच्या बाकावर बसले. वर्ग सुटेपर्यंत मी त्यांच्या बुटांकडं बघत वाजवत होते. मुलं गेल्यावर त्यांनी सांगितलं की समितीत दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. कुणी म्हणालं फसवणूक आहे, कुणी म्हणालं मुलं तर शिकतायत. ठरलं असं की वर्ग मी चालवावा, पदवीधर मिळेपर्यंत.

"मिळेपर्यंत," त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि ते जरा ओशाळल्यासारखे हसले.

याला आता वर्ष होत आलं. न आलेल्या दोघांतला एक परत आला. मी काकांची, काकूंची, त्या समितीतल्या नाव माहीत नसलेल्या लोकांची ऋणी आहे आणि राहीन. दहावीचा फॉर्म मुक्त शाळेतून भरता येतो म्हणतात. काकूंच्या नातीनं त्याची माहिती काढून माझ्या फोनमध्ये ठेवली आहे, मी ती अजून उघडलेली नाही. पदवीधर अजून मिळालेली नाही. पण माधव नगरात महाराष्ट्रातून कुणाचं नवं बिऱ्हाड आलं, की सामानाचा टेम्पो बघायला मी गॅलरीत जाते. बाई उतरते. मी तिच्याकडं बघते आणि मनात म्हणते, ही शिकलेली असेल का.